नाहीचं बटण

जिल्हा तुटला तेव्हा मी शाळेत होते. गोंदिया वेगळं झालं आणि भूगोलाच्या बाईंनी आम्हाला भंडाऱ्याचा नकाशा नव्यानं काढायला लावला. मला भयंकर राग आला, कारण जुना नकाशा मी रंगीत पेन्सिली झिजवून काढला होता आणि त्याला शाबासकीही मिळाली होती. केलेलं काम कुणी मोडायला लावलं की मला आजही तसाच राग येतो. आता मी नकाशे काढत नाही, अ‍ॅप बनवते, आणि मोडायला सांगणारे लोक आमच्या बाईंपेक्षा हट्टी असतात. पण मीही त्या वयाची राहिलेले नाही.

आमचं घर विणकरांचं. वडिलांनी माग सोडून कापडाचं दुकान घातलं, त्यांच्या थोरल्या बहिणीनं मात्र माग सोडला नाही. ही माझी आत्या. तिला तुमसरच्या पुढे, नाकाडोंगरीच्या अंगाला एका गावी दिलेली. गावाच्या एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर मँगनीजचे ट्रक, मध्ये तलाव आणि धानाच्या बांध्या. तिथं विणकरांची थोडीच घरं होती, तीही एकेक करून उठून गेली. आत्याचे यजमान वारले, मुलगा नागपूरला नोकरीला लागला, आणि ती घरातल्या खड्डामागावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणत राहिली. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. ती त्या खड्ड्यात उतरली की तिचं वय निम्म्यानं कमी व्हायचं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मुलगा तिला दर सणाला नागपूरला चल म्हणायचा. तो वाईट नव्हता, त्याला आई जवळ हवी होती. एका पावसाळ्यात तो अचानक आला आणि पाहिलं तर माग रिकामा, आई भिंतीला टेकून बसलेली. तेव्हापासून त्यानं धोशाच लावला. शेवटी पुढच्या होळीला आत्यानं वैतागून त्याला शब्द दिला.

"पोळ्याले येशीन तेव्हा माग खाली दिसला, तं येईन तुह्यासंग. भरल्या मागावरून मले उठवू नको."

मुलगा हसला. पावसाळ्यात माग कसा असतो ते त्यानं पाहिलेलं होतं. मी तिथंच होते, आणि मला हसू आलं नाही. आत्या दिलेला शब्द मोडणारी बाई नव्हती.

पावसाळ्यातच माग रिकामा का पडायचा, ते सांगते. साडीचे उभे धागे, म्हणजे ताणा, आत्याला भंडाऱ्याहून मिळायचा. तिथं विणकरांची एक संस्था आहे. तिच्या कोठीतला कोसा रंगाऱ्याकडे जातो, उन्हात वाळतो, त्याचा ताणा होतो आणि तो गावोगावच्या विणकरांना पोचवला जातो. ऊन नाही तर रंग नाही, आणि रंग नाही तर ताणा नाही. ही कोठी सांभाळायचे ते काकाजी. सगळं भंडारा त्यांना काकाजीच म्हणायचं. पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि जिभेवर इतका गोडवा की भांडायला गेलेला माणूस त्यांच्याच तब्येतीची चौकशी करून परत यायचा.

आत्या बाजाराच्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरजवळ निरोप द्यायची, "काकाजीले सांगजा, ताना पाठवा." ड्रायव्हर भंडाऱ्याला उतरला की कोठीत जायचा. ताणा असला तर काकाजी लगेच गाठोडं बांधून द्यायचे. नसला तर म्हणायचे, "बसा बसा, चहा घ्या." गाठोड्याच्या आधी चहा आला की समजायचं, आज काही मिळत नाही. पुढच्या फेरीला ड्रायव्हर आत्याला म्हणायचा, "चहा पिऊन आलो, बाई." आत्या समजायची. विणकराला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही, अशी त्या कोठीची रीत होती. माग रिकामा पडो असं बोलल्यासारखं होतं म्हणे. काकाजींनी ती रीत त्यांच्या वडिलांकडून घेतली होती आणि देवपूजेसारखी सांभाळली होती.

मला ती रीत लहानपणी फार आवडायची. पुढे सुट्टीत आत्याकडे राहायला लागले तेव्हा तिची दुसरी बाजू दिसली. चहा म्हणजे आज नाही, एवढं कळायचं. पुढच्या बाजारी मिळेल की दिवाळीपर्यंत मिळणारच नाही, हे चहातून कसं कळणार? आत्या आठवड्यामागून आठवडे वाट पाहायची. मधल्या काळात दुसरं सूत चढवावं तर तीही सोय नाही. एकदा ताणा चढवला, एकेक धागा फणीतून ओवला, की तो विणून संपेपर्यंत उतरवता येत नाही. उतरवायचा म्हणजे कापून टाकायचा. साधं सूत चढवलं आणि दुसऱ्याच दिवशी कोसा आला तर काय, ह्या धास्तीनं ती माग मोकळा ठेवून बसायची.

त्याच होळीच्या सुमाराला तो ड्रायव्हर निवृत्त झाला. नवे ड्रायव्हर गाठोडं न्यायला तयार होते, पण निरोप कोठीपर्यंत नेऊन द्यायला त्यांना वेळ नव्हता. दुसऱ्या गावांचीही तीच अडचण होती. मग संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं की आता अ‍ॅप करायचं. मी नागपूरला शिकले होते, तिथं एका कंपनीत राबले होते आणि भंडाऱ्याला परत येऊन वडिलांच्या दुकानावरच्या खोलीत काम करत होते. भंडाऱ्यात बसून सॉफ्टवेअर कोण करतं, असं माझ्या सगळ्या मैत्रिणींनी विचारून झालं होतं. मी करते, असं उत्तर देऊन देऊन माझा जबडा दुखायला लागला होता.

संस्थेनं आधी कुठून तरी एक तयार अ‍ॅप आणून पाहिलं होतं. त्यात 'ताणा हवा' असं बटण होतं. ते दाबलं की स्क्रीनवर चाक फिरायचं आणि कोठीतून उत्तर येईपर्यंत फिरतच राहायचं. आत्याच्या गावात नेटवर्क तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढल्यावर मिळतं. ती बिचारी पाळीवर उभी राहून चाक बघायची, नेटवर्क जायचं, चाक गोठायचं, ती पुन्हा बटण दाबायची. इकडे काकाजींना एकाच मागाची मागणी पुन्हा पुन्हा यायची. एका बाईला इतके ताणे कशाला, म्हणून ते चक्रावले होते.

अध्यक्षांच्या बैठकीत मी सांगितलं की हे चाक मला आधी काढून टाकायचं आहे.

"पन उत्तर लगेच काहून नाही?" अध्यक्ष म्हणाले. "बँकेचं अ‍ॅप पाहा. बटन दाबलं का झालं काम."

"तुमचा रंगारी बटन दाबल्यावर लगेच ताना वाळवून देते का?"

"तसं नाही वो, बाई."

"तसंच आहे. जे काम आठवडाभर चालते, त्याच्यासाठी बाईले फोन धरून उभी कायले ठेवायची? तिनं निरोप द्यावा आन् आपल्या कामाले लागावं. उत्तर येईन तेव्हा येईन."

अध्यक्षांना ते पटलं नाही. त्यांना लोकांना दाखवण्यासारखं झटपट काही तरी हवं होतं. मी म्हटलं, मी करीन तर असंच करीन, नाहीतर दुसरा कुणी बघा. भंडाऱ्यात दुसरं कुणी नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

काम सोपं दिसत होतं, तितकं नव्हतं. आत्यानं बटण दाबलं की निरोप आधी तिच्या फोनमध्येच जपून ठेवायचा. ती पाळीवर गेली, नेटवर्क मिळालं, की तो आपोआप निघणार आणि भंडाऱ्यात सर्व्हरवर रांगेला लागणार. काकाजी कोठी उघडून, दिवाबत्ती करून, आपल्या सवडीनं रांगेतला पुढचा निरोप उचलणार आणि उत्तर देणार. ते उत्तर परतीच्या रांगेत थांबणार, आणि आत्याचा फोन पुन्हा नेटवर्कमध्ये आला की तिला मिळणार. दोघांनी एकाच वेळी हजर असायची गरज नाही. प्रत्येक निरोपावर मी त्या मागाची आणि त्या मागणीची खूण घातली. तोच निरोप चुकून पुन्हा आला तर एकच धरायचा, आणि उत्तर ज्याचं त्यालाच गेलं पाहिजे. पुस्तकात ह्याला असिंक्रोनस मेसेजिंग असं भारदस्त नाव आहे. आत्याला मी सांगितलं, तुझा ड्रायव्हर आता फोनात बसतो.

"मंग चहा कोन पेते?" तिनं विचारलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

काकाजींच्या स्क्रीनवर प्रत्येक निरोपाखाली मी दोन बटणं ठेवली: हिरवं 'पाठवतो' आणि लाल 'नाही'. चष्मा वर-खाली करत त्यांनी ते शिकून घेतलं. उन्हाळाभर सगळं छान चाललं. निरोप येत होते, हिरवं बटण दाबलं जात होतं, एसटीनं गाठोडी जात होती. अध्यक्ष पाहुण्यांना माझ्या खोलीत घेऊन यायला लागले. मी फुशारले होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. चांगलं काम केलं होतं, मग का फुशारू नये?

मग पाऊस लागला. आत्याच्या मागावरचा कोसा संपत आला आणि तिनं नवा ताणा मागितला. तिच्या फोनवर आलं, 'निरोप काकाजींना पोचला. उत्तर आलं की कळेल.' ती साडी पुरी झाली. उत्तर आलं नाही. पोळा जवळ येत चालला. एक दिवस पाळीवरून तिचा फोन आला. वाऱ्यानं तिचा आवाज तुटत होता.

"पोरी, तुहा ड्रायव्हर कुठी अडकला वो? मी रोज पाळीवर येऊन पाहून राहिली."

"मागावर काय आहे, आत्या?"

"काही नाही," ती म्हणाली. "पोराचा फोन आला होता. खोली तयार आहे म्हने."

मी फोन ठेवून लॅपटॉप उघडला. मला वाटलं, माझाच काही तरी घोळ आहे. फोनातून निरोप निघाला का, ते तपासलं. निघाला होता. रांगेत लागला होता का? लागला होता. रांग तुंबली होती का, परतीची वाट बंद होती का, तिची खूण दुसऱ्या कुणाशी जुळत होती का? एकेक कडी हातात घेऊन पाहिली. सगळं ठीक होतं. शेवटी काकाजींच्या बाजूची नोंद उघडली आणि बघतच राहिले. निरोप त्यांनी उचलला होता, उघडून वाचला होता आणि तसाच ठेवून दिला होता. पाऊस लागल्यापासून आलेले पुष्कळ निरोप तसेच, वाचून ठेवलेले. लाल बटण तर कुणालाच दाबलेलं नव्हतं. अ‍ॅप सुरू झाल्यापासून एकदाही नाही.

मी चप्पल घातली आणि छत्री न घेता कोठीत गेले.

"ये बेटा, भिजली काहून?" काकाजी म्हणाले. "बस, चहा घे."

"चहा नको, काकाजी. माझ्या आत्याचा निरोप तुम्ही वाचला न?"

"वाचला न."

"मंग ताना आहे का नाही?"

ते खिडकीतून बाहेर पाऊस बघायला लागले. "रंगाऱ्याचं अंगन पाह्यलं का? पाय ठेवाले जागा नाही. ऊन पडलं का होते."

"म्हणजे नाही. मग लाल बटन काहून दाबत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. "बेटा, मी मागावाल्याले नाही म्हनत नसतो. माझ्या बापानं म्हनलं नाही, मी म्हननार नाही. तू ते बटन ठेवलं, तुह्या मनात वाईट नव्हतं म्हनून मी काही बोललो नाही."

आणि चहा आलाच. तो पिताना मला एकदम उमगलं. आधी निरोप घेऊन माणूस यायचा, काकाजी त्याला चहा पाजायचे, आणि निदान आजचा नकार तरी त्या चहातून गावापर्यंत पोचायचा. आता माणूसच येत नव्हता. चहा पाजायला समोर कुणी नाही, आणि बटण दाबायला मन नाही. विणकर आपापल्या घरी फोनकडे बघत बसले होते.

अध्यक्षांना सांगितलं तर त्यांनी चुटकीसरशी तोडगा काढला. "काकाजीनं ठरावीक दिवसात उत्तर दिलं नाही, तं अ‍ॅपनंच 'नाही' सांगून टाकावं. झालं!" करायला ते अगदी सोपं होतं. पण मी ठाम नकार दिला. घड्याळाला कोठीत काय आहे ते माहीत नसतं. अ‍ॅपनं 'नाही' सांगितलं, विणकरानं दुसरं सूत चढवलं, आणि दोन दिवसांनी ऊन पडून ताणा तयार झाला, तर ते खोटं कुणाच्या नावावर जाणार? मला काकाजींचा खरा नकार हवा होता, आणि तो कधीपर्यंतचा तेही हवं होतं. आत्याला मी स्वतः फोन करून काय सांगणार होते? तारीख मलाही ठाऊक नव्हती. ती एकट्या काकाजींना ठाऊक होती. रंगाऱ्याकडे किती माल अडकलाय, ऊन पडल्यावर पहिला कुणाचा नंबर, सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात होता.

म्हणून मी रोज कोठीत जाऊन बसायला लागले. लॅपटॉप घेऊन जायचे आणि तिथंच काम करायचे. रोज काकाजी मला चहा पाजायचे. मला त्या चहाचा अर्थ चांगला माहीत होता. मी चहा संपवायचे आणि उठायचे नाही. त्यांनी मला धानाच्या रोवणीच्या गोष्टी सांगितल्या, कारध्याच्या बाजूला वैनगंगा कुठवर चढली ते सांगितलं, माझ्या लग्नाचंही काढून पाहिलं. मी हूं हूं करत राहिले आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच विचारलं. कोठीतला हमाल आम्हाला बघून तोंडाला रुमाल लावून हसायचा. पोळा अगदी तोंडावर आला तेव्हा मी आत्यानं मुलाला दिलेला शब्द काकाजींना सांगितला. तोपर्यंत सांगितला नव्हता, कारण तो घरचा मामला होता.

त्यांचा चेहरा उतरला. "माग सोडून जाईन? तुही आत्या?"

"जाईन. पोळ्याले पोरगा येऊन राहिला. माग खाली आहे. पांढरं सूत तिच्या घरी पडून आहे, पंचे विनता येतात. पन तुमचा कोसा येईन येईन म्हनून ते चढवून नाही राहिली."

"मी कुठी म्हनलं का चढवू नको?"

"तुम्ही काहीच म्हनलं नाही, काकाजी. माग खाली पडू नये म्हनून तुम्ही बोलत नाही, आन् तुम्ही बोलत नाही म्हनून माग खाली पडून आहे."

माझा आवाज चढला होता. त्यांच्याशी त्या आवाजात कुणी बोलत नसे. हमालाचं हसू थांबलं. काकाजींनी उठून स्वतः दारात जाऊन चहा सांगितला, आणि मला रडूच कोसळलं. वाटलं, संपलं. त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं. चहा आला. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग सदऱ्याला हात पुसले आणि स्क्रीनपुढे बसले.

"नुसतं नाही कसं म्हनू?" ते म्हणाले. "दारात आलेल्या लेकीले कोनी नुसतं नाही म्हनून पाठवते का? चार शब्द तं पाह्यजेत."

मी डोळे पुसले. इतके दिवस मी त्यांच्या रीतीशी भांडत होते, आणि त्यांना अडचण वाटत होती ती त्या लाल बटणाच्या कोरडेपणाची. मी तिथंच, त्यांच्या शेजारी बसून, लाल बटणाखाली दोन जागा केल्या. एक तारखेची किंवा सणाची, म्हणजे 'कधीपर्यंत' ते सांगायला. दुसरी त्यांच्या शब्दांची. आत्याच्या फोनवर ते शब्द मोठ्या अक्षरात दिसावेत अशी सोय केली. तपासून पाहिलं, पुन्हा तपासलं. काकाजी शेजारी बसून नुसते बघत होते. मग त्यांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं:

'कोसा दसऱ्याआधी नाही. दसऱ्याला पहिला ताना तुझा. तोपर्यंत पांढरं सूत चढव. माग रिकामा ठेवू नको, बाई.'

आणि लाल बटण दाबलं. पण ते तिथं थांबले नाहीत. मागचे सगळे वाचून ठेवलेले निरोप त्यांनी एकेक करून उघडले आणि प्रत्येकाला वेगळे शब्द लिहिले. कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या नातवाची. दुपार सरली तरी ते लिहीतच होते.

आत्याचं उत्तर मात्र परतीच्या रांगेत अडकून राहिलं. तिचा फोन नेटवर्कमध्ये येत नव्हता. झड लागली होती, पाळ निसरडी झाली असणार. मी दर थोड्या वेळानं बघत होते, 'अजून पोचलं नाही'. मग एकदाचं 'पोचलं' असं दिसलं. मी फोन हातात धरून बसले. आत्याचा फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. उशीर झाला असेल, मुलगा आधीच पोचला असेल, असं काहीबाही मनात यायला लागलं.

पोळ्याच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. तुमसरच्या पुढे गावागावांत बैल धुऊन, शिंगं रंगवून उभे होते. माझं लक्ष कशातच नव्हतं. आत्याच्या दारात मुलाची गाडी उभी दिसली. गाडीची डिकी उघडी होती. मग आतून धोट्याचा आवाज आला.

आत्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. मागावर पांढरं सूत चढलेलं, हातभर कापड विणूनही झालेलं. मुलगा कमरेवर हात ठेवून समोर उभा होता.

"पाह्य हे," तो मला म्हणाला. "कोसा विननारी बाई आता पंचे विनून राहिली! आई, कोसा नाही मिळाला न? मंग काहून हट्ट करतेस?"

"कोसा नाही मिळाला," आत्या म्हणाली. "पन माग खाली आहे का? पाह्य."

त्यानं मागाकडे पाहिलं आणि कमरेवरचे हात खाली घेतले. शब्द त्यालाही माहीत होता.

"आत्या, फोन तरी करायचा," मी म्हटलं. "मी तिकडे जीव मुठीत धरून बसली होती. निरोप वाचला न तू?"

"वाचला. मंग फोन कायले करू? पाळीवरून आली आन् धागे ओवाले बसली. ओवता ओवता दिवस पुरला नाही." तिचे हात थांबले, डोळे भरून आले. "पोरी, काकाजीनं, त्याच्या बापानं, साऱ्यायनं मले जन्मभर चहाच पाजला. म्हनून मी जन्मभर वाट पाहत बसली. 'नाही' मले कोनी पह्यल्यांदाच म्हनलं."

आत्यानं पदरानं डोळे पुसले, पावडी दाबली आणि धोटा फेकला.

"उभा काहून आहे?" ती मुलाला म्हणाली. "ते डिकी बंद कर आन् हातपाय धू, पुरन शिजलं आहे. दसऱ्याले माझा कोसा येऊन राहिला. तेव्हाबी माग खाली नसन."